शालूकाकीचे धणे आणि रंगात नापास झालेला कॅमेरा

मंडळी, या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. चहाबरोबर खारी खावी तसे वाचतो — चवीने, पण विश्वास न ठेवता. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या लिफ्टचं बटण आपोआप दाबलं जातं... मी मिशीतल्या मिशीत हसतो आणि पान उलटतो. त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी फणसवाडीजवळच्या एका छापखान्यात कलर प्रूफ तपासण्यात गेली. म्हणजे काय, तर कॅलेंडरवरच्या लक्ष्मीची साडी मूळ चित्रातल्या साडीशी जुळते की नाही, ते बघायचं. तिथे भुतांना काम नव्हतं. साडी जास्त लाल आली तर शाई जास्त पडलेली असते, कुणाचा आत्मा उतरलेला नसतो.

आता सांगतो ते याच डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हसायचं असेल तर हसा. मीही अजून हसतोच आहे.

आमची चाळ लालबागची. तिसरा मजला, लांबलचक गॅलरी, एका टोकाला मी आणि माझी बायको, दुसऱ्या टोकाला शालूकाकी. छापखाना बंद झाल्यावर मी एक उद्योग मागे लावून घेतला. माहीमचा माझा मित्र दिलीप जुने डिजिटल कॅमेरे गोळा करून विकतो. ते खिशात मावणारे हो, जे एकेकाळी प्रत्येक लग्नात कुणाच्या तरी मनगटाला लटकलेले असायचे. मोबाइल आले आणि हे कपाटात गेले. आता कॉलेजच्या मुलींना त्यांचं वेड लागलंय. मोबाइलमध्ये म्हणे चेहरा फारच खरा येतो, त्यांना थोडा खोटा हवा असतो. दिलीप कॅमेरे माझ्याकडे पाठवतो, मी त्यांची परीक्षा घेतो आणि निकाल कळवतो.

माझी परीक्षा ठरलेली आहे. आधी गॅलरीतून समोरच्या इमारतीची विटांची भिंत. मधल्या विटा सगळेच कॅमेरे स्वच्छ दाखवतात, खरी गंमत कोपऱ्यांत. तिथे विटांच्या रेघा विरघळायला लागल्या की लेन्स बेताची. मग आभाळासमोर लोंबणाऱ्या केबलच्या तारा. त्यांना जांभळी किनार आली तर एक मार्क कमी. मग जिन्यातला काळोख. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसले तर दोन मार्क कमी. आणि शेवटी रंग. रंग तपासायचे महागडे तक्ते मिळतात बाजारात, पण मला ते नकोत. माझा तक्ता म्हणजे शालूकाकीचा मसाल्याचा डबा. हळद, तिखट, जिरं, मोहरी, धणेपूड, हिंग, आणि भोवती चकचकीत स्टील. या डब्यापुढे भलेभले कॅमेरे उघडे पडलेत. तिखटाचा लाल नीट दाखवणं म्हणजे खायचं काम नाही.

शालूकाकी माझी सख्खी काकी नव्हे, अख्ख्या चाळीची काकी. मालवणकडची. काका गिरणीत होते, ते गेले. मुलगा बदलापूरला. ही एकटी इथे, आणि खुशीत. दर उन्हाळ्यात अर्धी चाळ आपापल्या मिरच्या आणि धणे घेऊन तिच्या दारात. वर्षाचा मालवणी मसाला भाजावा तर शालूकाकीनेच. डंकावर कुटून आणायला कुणीही जाईल, पण भाजणं तिचं. या वर्षी मात्र तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "गुडघे दुखतत रे, औंदा जमाचा नाय." बायका हळहळल्या. माझी बायको तर दोन दिवस बोलली नाही, जणू मीच गुडघे दुखवले.

तर अशा एका सकाळी दिलीपकडून एक चंदेरी कॅमेरा आला. साबणाच्या वडीएवढा. विटा पास, तारा पास, जिना काठावर पास. मी डब्यासाठी काकीकडे गेलो.

"हो कॅमेरो नवीन?" काकीने विचारलं.

"नवीन कुठला काकी, जुनाच. तपासायला आलाय."

"माझ्या घरात पयल्यांदा इलो मा? मगे नवीनच. थांब."

आणि तिने देव्हाऱ्यातून हळदकुंकवाची कुयरी आणली. आमच्याकडे मिक्सर येऊ दे, शिलाईमशीन येऊ दे, कुंकू लागल्याशिवाय त्याची वायर प्लगात जात नाही. मी म्हटलं, "काकी, मागच्या बाजूला लावा."

"पाठीक खय कुंकू लावतत?" म्हणत तिने अंगठा टेकवला तो थेट लेन्सवर. वर मलाच समजावलं, "डोळो हय आसा, म्हणजे कपाळ हयच असताला."

मी मनात दिलीपची माफी मागितली आणि लेन्स पुसली. मऊ फडक्याने, फुंकर मारून, उजेडात धरून पुन्हा पुन्हा. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्यातले शहाणे पुढे कुंकवाचंच कारण काढणार आहेत. पुसल्यावर डब्याचा फोटो काढला. हळद हळदीसारखी, तिखट तिखटासारखं. रंगात पहिला नंबर.

गॅसवर छोट्या कढईत काकीने मूठभर धणे भाजायला टाकले होते. मी म्हटलं, काळी कढई, मागे पांढरी टाइल, मध्ये फिकट धणे... कठीण प्रश्न आहे, विचारू या. क्लिक.

स्क्रीनवर धणे कोळशासारखे काळे.

मी कढईत पाहिलं. धणे आपले पोपटी-पिवळे, अजून रंगही न बदललेले. परत क्लिक. परत कोळसा. आता बघा, फोटो काळा पडला तर सगळाच काळा पडायला हवा. पण टाइल पांढरी, काकीच्या बांगड्या हिरव्या, कढईची कडा जशीच्या तशी... आणि फक्त धणे काळे. असं एकाच वस्तूपुरतं लहरीपण मी छापखान्यातल्या साहेबांतसुद्धा पाहिलं नव्हतं. आणखी एक गोष्ट खटकली. फोटोत कालथा कढईत आडवा होता, दांडा भिंतीकडे. आणि खरा कालथा काकीच्या हातात होता.

मी मोडा घेऊन बसलो आणि व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायच्या मेनूत शिरलो. ढगाळ, ट्यूबलाइट, ऊन, बल्ब... एकेक करून बघत होतो. तेवढ्यात नाकात धूर गेला. मान वर केली. काकी दारात उभी, गॅलरीत वाळत घातलेल्या कोकमांकडे बघत, शांत. कढईतून धुराचा लोट. कालथा कढईत आडवा, दांडा भिंतीकडे. धणे काळे. अगदी फोटोतल्याइतके काळे, ना कमी ना जास्त.

"काकी, धणे करपले."

"करपले?" म्हणाली ती. आणि कढईकडे न बघता तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी कुणाला सांगणार तर नाही ना, असं.

गॅस मी बंद केला. मग ती खाली बसली. "गुडघ्यांचा खोटा, नंदू. थंडीत ताप इलेलो ना माका, तेच्यात नाकच गेला. वास म्हणान येणा नाय. मिरचेचो ठसको लागता, पण वास नाय. दर दोन दिवसांनी मूठभर धणे टाकून बघतंय, इलो काय म्हणान."

"डॉक्टर?"

"म्हणता, येतलो हळूहळू, थोडी कळ काढा."

"मुलाला सांगितलं?"

"तेका सांगलंस तर याद राख. गॅस चालू रवलो तर तुका कळाचा नाय, म्हणान उचलून बदलापुराक नेतलो. थंय मी काय करू? खिडकीत बसान गाडये मोजू?"

मी म्हटलं, रंग बघून भाजा की. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी रंगाचं नावच पहिल्यांदा ऐकलंय. "अरे, डोळ्याक कळता तेव्हा उशीर झालेलो असता. नाक आधी सांगता. आता करपतला, आता उतर... असा."

"मग माझं नाक घ्या."

"तुझा नाक? जन्म गेलो तुझो शाईच्या वासात. तू माका शाई करपली तर सांग."

हा अपमान गिळून मी घरी आलो, पण डोक्यात एकच. फोटो आधी निघाला, धणे नंतर करपले. त्या दुपारी मी तो कॅमेरा पिंजून काढला. भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो — अगदी वेळेवर आला. बायको दूध तापवत होती, त्याचा काढला — ना उतू गेलेलं, ना काही, साधं दूध. ती म्हणाली, "दुधाचे कसले फोटो काढताय, माझा काढा एखादा." काढला. तोही नेहमीसारखाच आला. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

दिलीपला फोन लावला. तो म्हणाला, "नंद्या, मला पाठव तो. मी मटक्याचा उद्याचा आकडा काढतो." आणि खरंच घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, आवाज पडलेला. "भविष्य बघत बसलो होतो, तेवढ्यात तव्यावरचे बोंबील करपले. फोटोत मात्र गोरेपान. घेऊन जा तुझं यंत्र. बायको मला करपवेल आता."

म्हणजे माहीमला चालत नाही. आमच्या घरात चालत नाही. मग काकीच्या कढईवर? मी कॅमेरा परत आणून तिच्याकडे गेलो, काहीही न सांगता तिला पुन्हा धणे टाकायला लावले, जरा भाजू दिले आणि क्लिक. काळे. आता तिला स्क्रीन दाखवली आणि सांगितलं, त्या दिवशीही करपायच्या आधीच फोटोत असे काळे दिसले होते. काकीने चष्मा सावरला, फोटो बघितला, कढई बघितली, आणि झटकन गॅस बंद करून धणे ताटलीत ओतले. मी एक धणा दाताखाली धरला. खमंग. कुरकुरीत. मसाला वर्षभर टिकावा असा.

"बरे झालेत?" काकीने विचारलं. इतक्या हळू आवाजात काकी बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

"बायकोला दाखवतो," मी म्हटलं. बायकोने चावून बघितला आणि विचारलं, "काकीचे गुडघे बरे झाले वाटतं?"

झालं. दोन दिवसांत चाळभर बातमी, आणि काकीच्या दारात मिरच्यांच्या पिशव्या. आता माघार नाही. जमलं नाही तर साऱ्या चाळीचा वर्षाचा मसाला वाया, आणि कुणी ना कुणी बदलापूरला फोन करणारच. भाजण्याच्या दिवशी सकाळी काकीने कॅमेरा पाटावर ठेवला, समोर नारळ ठेवला आणि मालवणी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सरळ तोंडावर सांगितलेली तक्रारवजा मागणी. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी होकार भरायचा. बाकीचे म्हणजे मी एकटा.

"बा देवा महाराजा, ह्या लेकराचो कॅमेरो आज धड चलांदे..."

"व्हय महाराजा."

"धण्याक धण्यासारखो आणि खसखशीक खसखशीसारखो बघांदे..."

"व्हय महाराजा."

"आणि ह्या नंदूक मधीच मेनूत घुसाची बुद्धी होव नको."

"...व्हय महाराजा."

दार आतून लावून घेतलं होतं. बाहेर सांगितलं, काकीला दृष्ट लागते. मग सुरू झालं. ती ढवळायची, मी क्लिक. फोटोत दाणा अजून फिका — "चालू दे". क्लिक — फोटोत नुसता तांबूस, "चालू दे". क्लिक — फोटोत काळा, "उतरा". आणि ती उतरायची. तिचा हात थांबला की मी श्वास सोडायचो. मिरच्या झाल्या. बडीशेप, जिरं, मेथी, लवंगा, दगडफूल... दगडफूल मुळात काळपट, तिथे माझी फजिती. काय करपलं आणि काय जन्मतःच तसं, हे ओळखायला छापखान्यातला सगळा अनुभव पणाला लावावा लागला. खसखस तर बेइमान जात. एका क्लिकला पांढरी, लगेच पुढच्या क्लिकला तपकिरी. मी "उतरा" म्हणेपर्यंत काकीने कढई उचललेली होती.

"माझ्या आधी कसं कळलं?" मी विचारलं.

"तुझा तोंड बघलंय. फोटोपेक्षा बेगीन दिसता."

तुम्ही विचाराल, उतरवले तर करपले नाहीत, मग फोटोतले करपलेले आले कुठून? न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा निघेल? हा प्रश्न मला त्या रात्री अंथरुणात पडला. उत्तर सापडलं नाही. झोप मात्र छान लागली.

मसाला डंकावर कुटून आला, तेव्हा गॅलरीत शिंकांची रांग लागली. बायकोने त्याच संध्याकाळी कुर्ल्यांचं सांबारं केलं. जेवताना मला एक शब्द बोलू दिला नाही, स्वतःही बोलली नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही. दुसऱ्या दिवशी काकीच्या खोलीत बरण्या भरणं चाललं होतं. एकेक बाई यायची, बरणीत नाक घालायची, डोळे मिटायची, "काकी, काय वास आहे" म्हणायची आणि निघायची. काकी हसून मान डोलवायची.

सगळ्या गेल्यावर तिने शेवटची बरणी उचलली, झाकण काढलं, नाकाशी धरली. बराच वेळ. मग झाकण लावून टाकलं.

"सगळ्यांक आवडलो," ती म्हणाली. "काय केलंय ता माकाच ठावक नाय."

मी कॅमेरा पिशवीत घालायला लागलो. तो दिलीपला परत जायचा होता, कुणा मुलीने घेतला होता.

"जाण्याआधी माझो एक फोटो काढ."

माझा हात थांबला. का, ते तुम्हाला कळलंच असेल. धण्यांचं ठीक आहे हो. पण माणसाचा फोटो, या कॅमेऱ्याने, या खोलीत... मी म्हटलं, "बॅटरी संपत आलीय काकी."

"मेल्या, दिवो पेटलेलो दिसता माका. काढ. काय दिसाचा ता दिसांदे. कळ काढून काढून दमलंय मी."

ती भिंतीला टेकून बसली, पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर. पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ. पापणीसुद्धा हलली नाही. मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही, आणि क्लिक.

स्क्रीन बघायचं धाडस होईना. बघितलं तर... फोटो हललेला. काकी अर्धवट उठलेली, एक हात जमिनीला टेकलेला, मान वर, आणि नाक — काय सांगू तुम्हाला — नाक असं फेंदारलेलं, कपाळावर आठ्या, ओठ वाकडे. शेजारणीच्या आमटीत केस सापडल्यावर होतो तसा चेहरा.

"खराब आलाय," मी म्हटलं. "तुम्ही हललात."

"मी? मी हललंय नाय." तिने बघितलं. "शी. ह्या काय ध्यान. काढून टाक."

पुन्हा काढावा म्हणून मी कॅमेरा डोळ्यांपाशी नेतोय, तोच काकी अर्धवट उठली. एक हात जमिनीला टेकला. मान वर. नाक फेंदारलं.

"नंदू," ती म्हणाली. "काय रे करपता?"

मी हुंगलं. मला काहीच नाही. शाईचं नाक माझं. पण काकी उठली होती, दारातून बाहेर, गॅलरीच्या कठड्याशी, कंबरेत वाकून खाली तोंड करून उभी. दुसऱ्या मजल्यावर अगदी तिच्या खालीच शेवंता राहते, पोरसवदा बाई, नुकतंच लग्न झालेली.

"गो शेवंता, सुको जवळो टाकलंस काय तव्यार?"

खालून आवाज आला, "हो काकी. का?"

"करपता तो. उतर बेगीन."

"नाही हो, आत्ता तर टाकलाय." मग भांड्याचा आवाज, आणि जरा वेळाने ओशाळलेला सूर. "खरंच की हो काकी. खालून लागलाय. तुम्हाला वरून कसं कळलं?"

काकी कठडा धरून उभी होती आणि करपलेल्या जवळ्याचा तो भयंकर वास छाती भरभरून आत घेत होती, जसा कुणी मोगऱ्याचाही घेणार नाही. आता तो मलाही आला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. जवळ्यानेच, असं ती म्हणते. मग आत आली, शेवटची बरणी उघडली, नाक घातलं आणि म्हणाली, "तिरफळ जरा कमी पडला."

कॅमेरा गेला. ज्या मुलीने घेतला तिच्याकडे तो सरळमार्गी चालतो, असं दिलीप सांगतो. काकीचा तो हललेला फोटो माझ्याकडे आहे. विटांना, तारांना, जिन्याला लावतो ते सगळे नियम मी त्याला लावून पाहिले. हलल्याचा फोटो आहे, आणि बसलेली बाई हलली नव्हती. याच्यापुढे माझी विद्या जात नाही. लेन्स, सेन्सर, कुंकू — ज्याला जे सुचेल ते त्याने कळवावं.

काकीला विचारण्यात अर्थ नाही. ती म्हणते, कॅमेऱ्याने काही केलेलं नाही, जवळा इतका करपला होता की मेलेलं नाकसुद्धा उठून बसलं असतं. मी म्हणतो, अहो, पण फोटो निघाला तेव्हा शेवंताने जवळा तव्यावर टाकलासुद्धा नव्हता. त्यावर काकी म्हणते, "तिका टाकूची गरज नाय. ती करपवतली ह्या माका तिच्या लग्नातच कळलेला."